शिळेने राखलेले नाव

आपल्या एखाद्या जुन्या चर्चमध्ये गेल्यावर भिंतींकडे सहज दृष्टी टाकावी. घंटा कोणी अर्पण केली, बाके कोणाच्या स्मरणार्थ दिली, फरशी कोणत्या कुटुंबाने घातली, हे सारे संगमरवरी पाट्यांवर कोरलेले आढळते. मात्र ज्या मूर्तीपुढे गुडघे टेकून आपल्या आजीने जपमाळ म्हटली, आईने आजारी लेकरासाठी मेणबत्ती लावली, ती मूर्ती ज्याने घडवली त्याचे नाव बहुधा कोठेच नसते. दात्याला पाटी मिळते, कारागिराला मिळत नाही. त्यात काही चुकले आहे असे आपल्याला वाटतही नाही. मूर्ती देवाच्या कामाची. ती घडवणाऱ्याचे नाव कशाला हवे, असे म्हणून आपण पुढे होतो.

हा विचार वरवर नम्रतेचा वाटतो. तो किती अपुरा आहे, हे आम्हांस एका जर्मन मूर्तिकाराच्या कथेने शिकवले. त्याचे नाव टिलमान रिमेनश्नायडर. आज युरोपातील मध्ययुगीन ख्रिस्ती कलेच्या कोणत्याही ग्रंथात त्याच्यासाठी मानाचे पान असते. परंतु त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ तीन शतके त्याच्या स्वतःच्या नगरालाही त्याचा विसर पडला होता. ज्या वेद्या त्याने कोरल्या त्या उभ्या होत्या, काही मोडल्या होत्या, काही बंद होत्या. पण त्या कोणाच्या हातच्या, हे सांगणारे कोणी उरले नव्हते.

जर्मनीच्या फ्रँकोनिया प्रांतात माइन नदीच्या काठी व्युर्त्सबुर्ग हे नगर आहे. तेथील कॅथीड्रल आणि त्याला लागून असलेले नॉयम्युन्स्टर चर्च यांच्यामध्ये पूर्वी दफनभूमी होती. १८२२ साली त्या जागी जमिनीखालून एक थडग्याची शिळा वर आली. तिच्यावर एका पुरुषाची पूर्णाकृती कोरलेली होती: डोक्यावर टोपी, अंगात प्रतिष्ठित नागरिकाचा झगा. कडेने कोरलेल्या लेखात १५३१ हे वर्ष होते आणि संत किलियनच्या सणाच्या आदल्या दिवसाचा, म्हणजे ७ जुलैचा, उल्लेख होता. मृताचे नाव होते, तो मूर्तिकार आणि व्युर्त्सबुर्गचा नागरिक असल्याची नोंद होती, आणि देवाने त्याच्यावर दया करावी अशी प्रार्थना होती. ही शिळा मुलगा यॉर्ग याने बापासाठी कोरली, असे मानले जाते. तोही मूर्तिकारच होता. बापाने आयुष्यभर इतरांच्या समाध्या घडवल्या. बापाचे नाव मात्र मुलाच्या छिन्नीने राखले.

टिलमानचा जन्म १४६० च्या सुमारास हायलिगेनश्टाट या गावी झाला. तो लहान असतानाच कुटुंब हार्त्स पर्वताच्या पायथ्याशी ओस्टेरोडे येथे गेले. वडील तेथील टांकसाळीचे प्रमुख होते. १४८३ च्या डिसेंबरात हा तरुण व्युर्त्सबुर्गच्या कलाकारांच्या संघात कसबी कामगार म्हणून दाखल झाला. हा संघ संत लूकच्या नावाचा होता. १४८५ साली त्याने एका सोनाराच्या विधवेशी विवाह केला. तिच्या आधीच्या संसारातील तीन मुलगे, घर आणि कार्यशाळा यांची जबाबदारी त्याच्यावर आली. त्याच वर्षी त्याला नगराचे नागरिकत्व आणि उस्तादाचा दर्जा मिळाला. पुढे त्याने एकूण चार विवाह केले. बाळंतपणे आणि साथी यांच्या त्या काळात संसार असे पुन्हा पुन्हा मोडत आणि पुन्हा उभे राहत.

कामे येऊ लागली. व्युर्त्सबुर्गच्या मरियेच्या चॅपेलच्या दारासाठी त्याने १४९१ ते १४९३ या काळात आदाम आणि एवा यांच्या वालुकाश्मातील मूर्ती कोरल्या. आदामाला दाढी असावी की नसावी, यावर नगरपरिषदेत गंभीर चर्चा झाली आणि नसावी असे ठरले, ही नोंद वाचताना आपल्या पॅरिश कौन्सिलच्या काही बैठका आठवल्यावाचून राहत नाहीत! १४९५ साली बिशप रुडॉल्फ फॉन शेरेनबेर्ग मृत्यू पावले तेव्हा त्यांच्या समाधीचे काम त्याच्याकडे आले. बिशपांनी नव्वदी ओलांडली होती. रिमेनश्नायडरने त्यांना तरुण केले नाही. तांबड्या संगमरवरातील त्या चेहऱ्यावर गालांच्या सुरकुत्या, खोल गेलेले डोळे आणि वयाचा थकवा जसाच्या तसा आहे. बांबेर्गच्या कॅथीड्रलमध्ये संत सम्राट हेन्री दुसरा आणि संत कुनिगुंडा या पतिपत्नीची समाधी त्याने १४९९ ते १५१३ या काळात पुरी केली.

परंतु त्याचे मन खऱ्या अर्थाने रमले ते लिंडन वृक्षाच्या लाकडात. हे लाकूड मऊ, एकजिनसी असते. त्यात नखाची कडही कोरता येते. त्या काळी लाकडी मूर्ती कोरून झाली की ती रंगाऱ्याकडे जाई. तो तिच्यावर खडूचा लेप देई आणि वर रंग आणि सोन्याचा वर्ख चढवी. लोकांना तशाच मूर्तींची सवय होती. रिमेनश्नायडरने आपल्या काही वेद्यांना रंगच दिला नाही. लाकडाचा पोत दिसेल असा पातळ तपकिरी लेप, आणि डोळे व ओठ यांवर रंगाचा किंचित स्पर्श, एवढेच. रंगाचा आधार काढून घेतल्यावर सारा भार छिन्नीवर येतो. दुःख दाखवायचे तर ते भुवईच्या वळणात दाखवावे लागते, आणि वस्त्राची श्रीमंती घड्यांतून.

हे धाडस सर्वांना पटले असे नाही. म्युनरश्टाट येथील चर्चसाठी त्याने १४९० ते १४९२ या काळात संत मारिया माग्दालेनाची वेदी केली. तीही रंगाविना होती. बारा-तेरा वर्षांत गावाने दुसरा थोर मूर्तिकार फाइट श्टोस याला बोलावून ती सारी रंगवून आणि सोन्याने मढवून घेतली. पुढे ती वेदी मोडली गेली. मध्यवर्ती माग्दालेना आता म्युनिकच्या संग्रहालयात आहे, चार शुभवर्तमानकार बर्लिनच्या. ज्या धर्मग्रामासाठी ते कुटुंब घडवले होते, त्यातले सदस्य आज निरनिराळ्या शहरांत राहतात.

त्याची दोन कामे मात्र ज्या ठिकाणासाठी केली त्याच ठिकाणी उभी आहेत. पहिले रोथेनबुर्गच्या संत याकोबाच्या चर्चमधील पवित्र रक्ताची वेदी. तेथे प्रभूच्या रक्ताचा थेंब मानला जाणारा अवशेष स्फटिकाच्या कुपीत जपलेला होता आणि यात्रेकरू त्याच्या दर्शनाला येत. १५०१ साली मूर्तींचे काम रिमेनश्नायडरकडे दिले गेले आणि १५०५ पर्यंत ते पुरे झाले. लाकडी चौकट करणारा एर्हार्ट हार्श्नर हा सुतार होता. चौकटीसाठी सुताराला ५० गुल्डन ठरले आणि मूर्तींसाठी मूर्तिकारालाही ५० गुल्डनच. काम पाहून त्याला वर १० गुल्डन बक्षीस मिळाले. ज्या मूर्ती पाहण्यासाठी आज जगभरातून लोक येतात, त्यांचा भाव तेव्हा चौकटीच्या भावाइतकाच होता.

या वेदीच्या मध्यभागी अंतिम भोजनाचे दृश्य आहे. आपल्या घराघरांत या भोजनाची तसबीर असते आणि तिच्यात प्रभू मधोमध बसलेला असतो. येथे मधोमध उभा आहे तो यूदा. हातात पैशांची पिशवी, आणि प्रभू त्याला घास देत आहे. योहान प्रभूच्या उराशी विसावला आहे. वेदीच्या मागच्या बाजूला काचेची तावदाने आहेत, त्यांतून येणारा उजेड प्रेषितांच्या मधून फिरतो आणि दिवसाच्या प्रहरांप्रमाणे चेहरे बदलतात. विश्वासघातक्याला मध्यभागी उभे का केले असेल? आम्हांस असे वाटते की वेदीकडे येणाऱ्या यात्रेकरूला त्याची स्वतःची जागा दाखवायची होती. पापी माणूस दृश्याच्या कडेला नाही. तो मधोमध आहे आणि प्रभूचा हात अजून त्याच्याकडे पुढे झालेला आहे.

दुसरे काम क्रेगलिंगेन येथील. गावाबाहेर शेतात एक छोटे चर्च आहे. १३८४ साली एका शेतकऱ्याला नांगरताना तेथे ओस्ती सापडली, असे परंपरा सांगते. या चर्चमध्ये रिमेनश्नायडरची मरियेच्या स्वर्गोन्नयनाची वेदी आहे. सुमारे नऊ मीटर उंचीचे ते नाजूक लाकूडकाम १५०५ नंतरच्या काही वर्षांत झाले. देवदूत मरियेला वर नेत आहेत आणि खाली प्रेषित दोन गटांत उभे आहेत. कोणी वर पाहतो, कोणी पुस्तकात डोके घालून बसला आहे, कोणी डोळे मिटले आहेत. मरिया गेली, आणि ज्यांनी तिला आईसारखे मानले ते मागे राहिले. आपल्या घरातून म्हातारी माणसे जातात तेव्हा अंगणात उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे असेच असतात.

कीर्तीबरोबर प्रतिष्ठाही आली. १५०४ साली तो नगरपरिषदेवर निवडला गेला आणि १५२० साली महापौर झाला. आयुष्य येथवर सुखाने चालले होते. मग १५२५ साल उजाडले.

व्युर्त्सबुर्गचा बिशप केवळ धर्माधिकारी नव्हता, तो त्या प्रदेशाचा राजाही होता. कर त्याचे, सैनिक त्याचे, नदीपलीकडच्या टेकडीवरील मारियेनबेर्ग किल्ला त्याचा. त्या वर्षी जर्मनीच्या अनेक प्रांतांत शेतकरी उठले. वेठबिगार, वाढते कर, जंगल आणि पाणी यांवरील हक्क काढून घेणे, या त्यांच्या तक्रारी होत्या. या उठावाला दुसरी बाजूही होती. अनेक मठ लुटले आणि जाळले गेले, हे येथे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. बिशप कोनराड फॉन थ्युंगेन यांनी नगराकडून शेतकऱ्यांविरुद्ध मदत मागितली. परिषदेने ती दिली नाही. मे महिन्यात शेतकऱ्यांनी किल्ल्याला वेढा घातला तेव्हा नगर त्यांच्या बाजूला होते. साठी ओलांडलेला रिमेनश्नायडर परिषदेत होता आणि त्या निर्णयात सहभागी होता. त्याच्या मनात काय होते, याबद्दल पुढच्या पिढ्यांनी पुष्कळ लिहिले. त्याला क्रांतिकारक म्हणावे इतका पुरावा नाही. परंतु गरिबांवर शस्त्र धरायला नकार देणाऱ्यांत तो होता, आणि त्या नकाराची किंमत त्याने दिली, एवढे निश्चित.

जूनच्या आरंभी राजेलोकांच्या सैन्याने शेतकऱ्यांचा धुव्वा उडवला. नगर शरण आले, बिशप परतले, शिरच्छेद झाले. रिमेनश्नायडर आणि परिषदेतील इतर काही जण किल्ल्यात कैद झाले. सुमारे दोन महिने तो तेथे होता. त्याचा छळ झाला. ऑगस्टमध्ये सुटका झाली तेव्हा त्याच्या मालमत्तेचा मोठा भाग जप्त झाला होता. ज्या सत्तापीठावर बसलेल्या दोन बिशपांच्या समाध्या त्याने कॅथीड्रलमध्ये घडवल्या, त्याच पीठाच्या तुरुंगात त्याला छळ सोसावा लागला. ख्रिस्तसभेची मुले म्हणून हे लिहिताना आम्हांस संकोच होतो. परंतु संकोचापोटी ते गाळणे हा त्या माणसावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय ठरेल.

तुरुंगात त्याचे हात मोडले गेले, अशी आख्यायिका पुढे प्रसिद्ध झाली. छळाची नोंद आहे, हात मोडल्याची नाही. मूर्तींकडे पाहिले की ही आख्यायिका का जन्मली ते मात्र कळते. रिमेनश्नायडरच्या कामात हात फार बोलतात. पुस्तकाचे पान धरणारी बोटे, मनगटावरच्या शिरा, प्रार्थनेत सैल जुळलेले तळवे, हे सारे त्याने अशा मायेने कोरले आहे की अशा माणसाच्या हातांना इजा व्हावी याहून मोठे दुःख लोकांना सुचले नसावे. नोंदींतून दिसते ते याहून साधे आणि अधिक उदास आहे. १५२७ साली कित्सिंगेनच्या मठातील वेदीची डागडुजी त्याने केली; त्याखेरीज सुटकेनंतरचे त्याचे काम आढळत नाही. सहा वर्षांनी तो गेला.

मग विस्मरण. त्याची कारणे पाहण्यासारखी आहेत, कारण त्यांत दुष्टपणा फारसा नाही. धर्मसुधारणेच्या वादळात क्रेगलिंगेन आणि रोथेनबुर्ग ही दोन्ही गावे ल्युथरपंथी झाली. तेथे मरियेची आणि पवित्र अवशेषांची भक्ती थांबली. क्रेगलिंगेनची वेदी मिटून ठेवली गेली आणि १८३२ साली पुन्हा उघडली गेली. तीन शतके कोणी तिला रंग दिला नाही, धुतले नाही, हलवले नाही. म्हणून ती वाचली. इकडे कॅथलिक राहिलेल्या प्रदेशात भक्ती कायम होती, पण आवड बदलली. बरोक काळात सोनेरी खांब, ढग आणि किरणे यांच्या नव्या वेद्या आल्या आणि जुन्या लाकडी वेद्या निघाल्या. व्युर्त्सबुर्गच्या कॅथीड्रलसाठी रिमेनश्नायडरने केलेली मुख्य वेदीही अशीच गेली. ज्यांची भक्ती आटली त्यांच्याकडे मूर्ती टिकली, आणि ज्यांनी भक्तीने चर्च नटवले त्यांच्याकडून ती हरवली. हा विरोधाभास आपण कॅथलिकांनी मनावर घ्यावा असा आहे.

शिळा सापडली तेव्हा लोकांच्या हाती आले ते एक नाव आणि एक तारीख. या नावाला त्याची मूर्तिसंपदा परत मिळवून दिली ती कागदांनी. नगरपरिषदेचे ठराव, चर्चच्या जमाखर्चाच्या वह्या, सुताराशी आणि मूर्तिकाराशी झालेले करार, संघात दाखल झालेल्यांच्या याद्या, हे सारे अभ्यासकांनी धुंडाळले. कार्ल बेकर यांनी १८४९ साली त्याच्यावरील पहिला स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या मूर्तींचे करार सापडले त्यांच्याशी ताडून इतर मूर्ती ओळखल्या गेल्या. पाचशे वर्षांपूर्वी कोणा कारकुनाने '५० गुल्डन दिले' असे नीट लिहून ठेवले नसते, तर रोथेनबुर्गचा यूदा आजही अनामिकाच्या हातचा राहिला असता. विसाव्या शतकात मूर्तींवरील रंगांच्या थरांची तपासणी झाली आणि त्यांतील काही प्रथमपासूनच रंगाविना होत्या हे सिद्ध झाले.

जतनाचे काम एकदा करून संपत नाही. १६ मार्च १९४५ रोजी बाँबवर्षावात व्युर्त्सबुर्गचे जुने नगर जळून गेले. त्याच वर्षी मे महिन्यात कादंबरीकार थॉमस मान यांनी अमेरिकेत जर्मनीविषयी व्याख्यान दिले. स्वतःच्या देशाच्या पापाचा हिशेब मांडताना त्यांनी या मूर्तिकाराचे नाव आदराने घेतले; न्यायासाठी आपली कला आणि स्वास्थ्य पणाला लावणारा जर्मन म्हणून. १९६२ च्या ऑगस्टमध्ये फोल्काखच्या द्राक्षमळ्यातील चर्चमधून त्याची जपमाळेची मरियामाता चोरीला गेली. छताखाली लटकणारी, जपमाळेच्या वर्तुळातील ही मूर्ती त्याच्या अखेरच्या वर्षांतली. 'श्टेर्न' या साप्ताहिकाने १,००,००० मार्क देऊन ती परत मिळवली. आज व्युर्त्सबुर्गच्या त्याच मारियेनबेर्ग किल्ल्यातील संग्रहालयात त्याच्या कलाकृतींचा सर्वांत मोठा संग्रह आहे. ज्या किल्ल्यात त्याचा छळ झाला तेथेच त्याचे आदाम आणि एवा उभे आहेत.

जर्मनीची ही कथा आपल्या किनाऱ्यावर कशाला आणावी, असे कोणी विचारील. आणावी, कारण आपले रिमेनश्नायडर अजून शिळेखालीच आहेत. गोव्यात सोळाव्या शतकापासून स्थानिक कारागिरांनी लाकडात आणि हस्तिदंतात प्रभूच्या, मरियेच्या, संतांच्या असंख्य मूर्ती कोरल्या. त्या कारागिरांत हिंदूही होते. त्यांच्या मरियेच्या चेहऱ्यात, बाळ येशूच्या अंगलटीत या मातीची खूण दिसते. या मूर्ती समुद्रापार पोर्तुगालला गेल्या, जगाच्या संग्रहालयांत पोहोचल्या, आणि त्यांच्याखालच्या चिठ्ठीवर बहुतेक ठिकाणी केवळ प्रदेश आणि शतक एवढेच लिहिलेले असते. १९९४ साली राशोलच्या सेमिनरीत ख्रिस्ती कलेचे संग्रहालय सुरू झाले आणि २००२ साली ते जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात आले. मूर्ती वाचवण्याचे मोठे काम त्याने केले. नावे मात्र कोणतेही संग्रहालय मागाहून निर्माण करू शकत नाही. नावे त्या त्या काळी, त्या त्या धर्मग्रामातच लिहून ठेवावी लागतात.

वसईत काय, मुंबईच्या जुन्या गावठाणांत काय, सणाच्या आधी मूर्तीला 'ताजी' करण्याची आपली हौस मोठी आहे. बाजारातील ऑइल पेंटचा एक डबा आणि एका दुपारचा उत्साह यांनी दोनशे वर्षांचे काम झाकले जाते. मूर्ती तडकली, वाळवी लागली, म्हणून तिला कोठीत टाकून फायबरची नवी आणली जाते. यात भक्तीचा अभाव नसतो, माहितीचा असतो. म्हणून आम्ही वाचकांना चार साध्या गोष्टी सुचवतो. आपल्या चर्चमधील प्रत्येक जुन्या मूर्तीचे चारही बाजूंनी छायाचित्र काढून ठेवावे. पायथ्याखाली किंवा पाठीमागे काही खूण, तारीख, अक्षरे आहेत का ते पाहावे. धर्मगुरूंच्या परवानगीने जुन्या जमाखर्चाच्या वह्या उघडून सुतार, मूर्तिकार, रंगारी यांना दिलेल्या रकमांच्या नोंदी उतरवून घ्याव्यात. घरातील वृद्धांना विचारावे. आपल्या गावच्या क्रुसाचा सुतार कोण, हे सांगणारी माणसे अजून आहेत, उद्या नसतील. आणि जाणकाराचा सल्ला घेतल्यावाचून ब्रश हाती धरू नये. नवी मूर्ती बसवाल तेव्हा दात्याच्या नावाखाली एक ओळ कारागिरासाठी सोडावी.

नाव लिहिल्याने मूर्तीची पवित्रता उणावत नाही. संत पॉलने रोमकरांस पत्र लिहिले तेव्हा शेवटी ज्यांनी ज्यांनी श्रम केले त्या सर्वांना नावानिशी सलाम सांगितला, आणि ते पत्र लिहून घेणाऱ्या तर्तियस नावाच्या लेखकानेही मध्येच आपला सलाम जोडला. पत्र प्रेषिताचे, पण लेखणी धरणाऱ्याचे नावही शास्त्रात राहिले. आपल्या सभेची रीत पहिल्यापासून अशी आहे.

व्युर्त्सबुर्गच्या त्या मुलाने बापाची तुरुंगवारी, हरवलेली मालमत्ता किंवा थांबलेले काम यांबद्दल शिळेवर काही कोरले नाही. त्याने फक्त नाव, धंदा आणि तारीख कोरली, आणि देवाची दया मागितली. तेवढ्यावर तीन शतकांनंतर एक आयुष्य पुन्हा उभे राहिले. पुढच्या रविवारी मिस्सा संपल्यावर क्षणभर थांबून आपल्या वेदीवरील मूर्तीकडे पाहावे आणि शेजारच्या आजोबांना विचारावे: ही कोणी घडवली? उत्तर मिळाले तर ते त्याच दिवशी लिहून ठेवावे.